तीन पाळ्यांचं मैदान

मिल कामगार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मला पाठ आहे. मळकी टोपी, संप, मोर्चा, खोकला. आणि माजी नगरसेवक म्हटलं की पांढरी गाडी, कडक इस्त्री, चार अंगठ्या आणि चौकात वाढदिवसाचा बोर्ड. आता ही दोन्ही चित्रं एकाच माणसात कोंबून बघा. जमतंय? नाही ना जमत? मग ऱ्हाऊ दे. आणि 'श्रमिकाची जीवनगाथा' ऐकायला मिळणार म्हणून तोंड गंभीर करून बसला असाल तर तेही जरा सैल सोडा. कारण मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, ते रोज मैदानाच्या मधोमध उभं राहून, एक हात कमरेवर आणि दुसरा तोंडाशी धरून मिलचा भोंगा वाजवायचे. तोंडानं.

आणि तो साधासुधा नव्हे. आधी पोटातनं घरघर. मग चढत जाणारं 'भोंऽऽऽ'. वर पोचल्यावर मान आकाशाकडं, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या. आणि उतरताना शेवटी एक छोटासा गचका, जसा खऱ्या भोंग्याची वाफ संपताना बसतो. गल्लीत कुणाकडं नवीन पाहुणा आला असला तर त्याच्या हातातनं चहाची बशी सुटायची.

"काय झालं वो?"

"काय न्हाय, पावणं. दुसरी पाळी सुटली. च्या घ्या."

त्यांचं नाव ईश्वरा ज्ञानू चौगुले. पण हे नाव फक्त मतदारयादीला माहीत. बाकी सगळ्यांना ते 'मेंबर'. वॉर्डातनं चार वेळा निवडून आले, चारही वेळा सायकलवर प्रचार केला, आणि चारही वेळा निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मिलमध्ये कामावर हजर. गुलाल कानात तसाच.

रात्रपाळी करून, केसांत कापूस घेऊन ते सकाळी महापालिकेच्या सभेला जायचे. एकदा बजेटवर कुणाचं तरी लांबलचक भाषण चालू होतं आणि मेंबरांचा डोळा लागला. महापौरांनी बेल वाजवली. मेंबर ताडकन उठले आणि दोन बाकांच्या मधल्या वाटेनं, बोटं पुढं करून, डावीकडं-उजवीकडं वाकून बघत पार शेवटपर्यंत गेले. सूतखात्यात त्यांचं काम तेच. साच्याच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्राच्या, बाजूनं फिरायचं आणि धागा तुटलेला दिसला की चालत्या साच्यावर तो जोडायचा. शेवटच्या बाकापाशी त्यांना जाग आली. सगळं सभागृह बघत होतं. मेंबर म्हणाले, "सगळं सूत नीट हाय. चालू द्या."

हे मी बघितलेलं नाही, तेव्हा मी जन्मालाही आलो नव्हतो. पण मी याची नक्कल इतक्यांदा केली आहे की आता मला सगळं बघितल्यासारखंच वाटतं.

जगातल्या कुठल्याही भानगडीला मेंबरांकडं एकच शब्द, धागा. पाण्याची पाइप फुटली की पहाटे इंजिनिअरच्या दारात.

"सायेब, धागा तुटलाय."

"कसला धागा?"

"सहा इंची. टाकीपासचा. रस्त्यावर पोहालीत पोरं."

दोन भावांचं बोलणं बंद झालं की त्या दोघांना समोरासमोर बसवायचे. "गाठ मारू नगा. गाठ हाताला लागती. नुस्ता पीळ द्या, धागा जुळतोय." त्या भावांना यातलं काय कळायचं कोण जाणे, पण मेंबर उठायचे नाहीत म्हणून ते बोलायला लागायचे. एकदा तर एक भाऊ दुसऱ्याला म्हणाला, "आपण बोलूया बाबा, हा माणूस रातच्याला हितंच जेवंल."

पण त्यांचा खरा कारभार मैदानावर. आमच्या गल्लीच्या मागं, पाण्याच्या टाकीखाली, पूर्वी मोठा उकिरडा होता म्हणे. मेंबरांनी महापालिकेत त्यावर खेळाच्या मैदानाचा शिक्का मारून घेतला आणि मिलच्या सुट्टीच्या दिवशी कामगारांना घेऊन स्वतः सपाट केला. तिथं त्यांच्या नावाची पाटी नाही. पाटी आहे ती अशी : 'हे खेळायचं मैदान आहे. गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.' खाली सही : 'मेंबर.'

आणि मैदान चालायचं मिलसारखं, तीन पाळ्यांत. पहिली पाळी पहाटे, म्हातारी माणसं, फिरणं, हातपाय हलवणं आणि सरकारला शिव्या. दुसरी दुपारी तीन ते पाच, बायका आणि बारकी पोरं. पाचच्या पुढं तिसरी, आम्ही व्हॉलीबॉलवाली टाळकी. पाळी बदलताना पितळी शिट्टी. शिट्टी झाली की चेंडू हवेत असला तरी खाली यायच्या आत तो दुसऱ्या पाळीचा.

वर बदलीचा कायदा. मिलमध्ये एखादा कामगार आला नाही की त्याच्या जागी बदली उभा करायचे. "साचा रिकामा ऱ्हायचा न्हाय." मैदानावरही तेच. ज्याला यायला जमणार नाही त्यानं घरातलं दुसरं माणूस पाठवायचं. माझी आई एकदा बायकांच्या खो-खोला जाऊ शकली नाही, तर बदली म्हणून माझी चुलती गेली. वजन शंभराच्या आसपास. ती खो-खोच्या रांगेत बसली. मागनं 'खो' मिळाला. चुलती म्हणाली, "मी आत्ता बसलोय. दुसरीला दे." मेंबर पंच होते. त्यांनी विचार केला आणि निकाल दिला, "बदली कामगाराला पयल्या दिवशी सवलत हाय."

असल्या मैदानात मी लहानाचा मोठा झालो. तिथंच लिंबू-चमच्यात मी चमच्याला च्युइंगम लावला, तिथंच पकडला गेलो, आणि तिथंच अकरा वर्षांचा असताना गणपतीत, भर स्टेजवर मेंबरांची नक्कल केली. पुढच्याच खुर्चीत मेंबर. लोक हसून लोळत होते, आणि हे आपले मख्ख. खाली उतरलो तर बोटानं बोलावलं. म्हटलं, आता कानफाट फुटणार.

"नकल्या, आवाज बरोबर हाय तुजा. पर तू डावा हात खिशात घातलास. मी डावा हात कमरंवर ठिवतो. करायचं तर नीट कर."

तेव्हापासून मी त्यांचा नकल्या. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही दुसऱ्या कुणी 'प्रशांत' म्हटलं की मागं वळून बघायला जरा वेळच लागतो.

आणि मग, साधारण चार वर्षांपूर्वी, एकाएकी शिट्टी खिशात गेली आणि तोंडाचा भोंगा आला. सगळ्या पाळ्यांना शिट्टीच, पण पाचला भोंगा. आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की म्हातारचळ लागला. मिल बंद पडून वीस-बावीस वर्षं झाली, म्हाताऱ्याला आता आठवण आली. मी तर खूश. नक्कल करायला नवीन माल! आठ दिवसांत तो भोंगा शेवटच्या गचक्यासकट गळ्यात बसवला.

मेंबरांच्या घरात माणसं दोनच, मेंबर आणि आक्का. आक्काही त्याच मिलमधल्या, रिळाच्या खात्यात सूत गुंडाळायला. तिथं सगळ्या बायकाच, आणि पाचला सुट्टी. माहेर कोडोलीचं, त्यामुळं आवाज असा की शेताच्या या बांधावरनं त्या बांधाला ऐकू जावा. अलीकडं मात्र आक्का विसरायला लागल्या होत्या. माझ्या आईला विचारायच्या, "नवी लागलीस व्हय गं खात्यात?" मांडीवर लोकरीचं भेंडोळं घेऊन दिवसभर कट्ट्यावर बसायच्या, गुंडाळायच्या, उलगडायच्या, परत गुंडाळायच्या. शेजारच्या शमाभाभी लक्ष ठेवून असायच्या. मेंबर भोंगा मारून झाला की लगबगीनं घरी जायचे. आम्हाला वाटायचं, चहासाठी.

मग या वर्षी मेंबरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, कुजबुजा तेवढं, ओरडायचं नाव काढू नका. ज्या माणसाचा 'ए!' ऐकून कळंब्याच्या तळ्यातली बदकं उडावीत, त्याच्या तोंडातनं आता पंक्चर ट्यूबसारखी नुसती हवा यायची. मेंबर मैदानावर यायचेच बंद झाले. मी एकदा घरी गेलो तर खिडकीतनंच हात हलवून 'जा' म्हणाले. मी गेलो. परत गेलो नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी, ते मला कुणाच्याच आवाजात येत नाही.

दोन महिन्यांत मैदानाची रया गेली. शिट्टी माझ्या मित्राकडं, बाळ्याकडं दिली होती, पण बाळ्याच्या शिट्टीला कोण भीक घालतंय! बायका सहापर्यंत उठेनात, म्हातारी नऊनंतरही हलेनात, आणि एक दिवस चक्क मैदानात दोन गाड्या लागल्या. हवा सोडायची कुणाची हिंमत होईना.

त्यात आमची मॅच ठरली, पलीकडच्या तालमीच्या पोरांबरोबर. चारलाच ती पोरं मैदानाच्या तोंडाशी येऊन उभी, आणि मैदानात बायकांची संगीत खुर्ची रंगात आलेली.

बाळ्या म्हणाला, "आता रं?"

मी म्हणालो, "थांब. भोंगा झाल्याबिगर ह्या हलत न्हाईत."

टाकीच्या पायऱ्यांमागं गेलो. डावा हात कमरेवर. उजवा तोंडाशी. आणि लावला. घरघर, चढ, ताण, गचका. सगळा. आयुष्यातला सगळ्यात भारी भोंगा, नाद खुळा! खुर्च्यांभोवती फिरणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. "आगं बया, मेंबर! आवाज आला जणू परत!" दोघींनी तर टाकीकडं बघून हात जोडले. घड्याळ कुणी बघितलं नाही. पाच मिनिटांत मैदान साफ. आम्ही नेट बांधलं. मी छाती काढून सर्व्हिस मारली.

पहिला सेट चालू असतानाच शमाभाभी ओढणी सावरत पळत आल्या.

"आक्का हिकडं आल्यात? आक्का बघितल्या कुणी?"

"काय झालं, भाभी?"

"भोंगा झाला न्हवं आत्ता? मला वाटलं मेंबर आलं दवाखान्यातनं, मैदानाकडनं येतील आता. म्हणून मी च्या ठिवायला आत गेलो. भाईर येतोय तर कट्ट्यावर नुस्ती लोकर."

"मेंबर दवाखान्यात हाईत?"

"तपासणी हाय आज. म्हंजे मेंबर आलंच न्हाईत?" भाभींनी आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली. "मग भोंगा कुणी मारला?"

बाळ्यानं माझ्याकडं बघितलं. मैत्री अशी ऐन वेळी कळते.

भाभी तिथंच खाली बसल्या आणि सांगायला लागल्या, आणि चार वर्षं जे आम्ही म्हातारचळ म्हणत होतो ते काय होतं ते मला व्हॉलीबॉल हातात धरून कळलं. आक्कांच्या डोक्यात अजून मिल चालू आहे. कट्टा म्हणजे त्यांचं खातं. पाचचा भोंगा होईपर्यंत त्या हातातली लोकर खाली ठेवत नाहीत, उठत नाहीत, जेवत नाहीत. "सुटी झाली न्हाय अजून," म्हणतात. शिट्टीनं भागत नाही. भोंगा पाहिजे. भोंगा झाला की लोकर बाजूला, आणि मेंबर येऊन दारात उभे, "सुटलीस व्हय? चल घरला." मग कट्ट्यावरनं आत दहा पावलं चालून आक्का घरी यायच्या, हातपाय धुवायच्या, आणि शहाण्यासारखं जेवायच्या.

"आन् हे दोन म्हैनं?" मी विचारलं.

"काय सांगू बाबा. भोंगाच न्हाय. रातपातूर बसून ऱ्हातात. मेंबर ताट घिऊन फुडं बसतात, दोन घास जातात न जातात. मोबाइलवर भोंगा लावून बघितला, तर म्हणतात ते रेडू बंद करा."

आक्का कुठं गेल्या असतील ते आता उघड होतं. भोंगा झाला, सुटी झाली, पण दारात न्यायला कुणी आलं नाही. म्हणून त्या निघाल्या, जिथं मेंबर सायकल घेऊन उभे राहायचे तिथं. मिलच्या गेटावर.

मी स्कूटर काढली. मिलचं आता गेट तेवढं उरलंय, आत सगळं रान. गेटाजवळ चहाची गाडी, पलीकडं जुन्या मोटारी विकायला लावलेल्या. रस्त्यावर ट्रक. मधले चार चौक मी कसे ओलांडले ते मला आठवत नाही, एवढं आठवतं की नवस बोलायला गेलो तर एकाही देवाचं नाव तोंडात येईना.

आक्का गेटाला पाठ लावून उभ्या होत्या. पदर खोचलेला. येणाऱ्या प्रत्येक सायकलकडं निरखून बघत.

"आक्का, चला घरी."

"तू कोन?"

"मी प्रशांत. नकल्या. टाकीजवळचा."

"मी परक्याच्या गाडीवर बसत न्हाय. ह्ये येतील. आज उशीर झालाय त्यास्नी," त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "सभा आसंल."

मी हात जोडले, आईची शपथ घातली, भाभींना फोन लावून कानाला दिला. आक्का ढिम्म. चहावाला म्हणाला, "पोलिसास्नी बोलवू काय?" शेवटी मी त्यांच्याकडं पाठ केली. पोट आत घेतलं. आणि मेंबरांच्या आवाजात म्हणालो, "सुटलीस व्हय? चल घरला."

"किती येळ लावायचा माणसानं!" आक्का म्हणाल्या, आणि येऊन स्कूटरच्या मागच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या.

"बस की मागं."

"दिसभर बसूनच काम आसतंय. चालतो मी."

म्हणून स्कूटर ढकलत मी पुढं आणि दांडी धरून आक्का मागं. मी मागं वळून बघत नव्हतो. बघितलं असतं तर आवाज आणि तोंड जुळलं नसतं.

"सभेत काय झालं?" मागनं प्रश्न.

"पाण्याचं झालं."

"आन् मैदानाचं?"

"झालं. मिळालं मैदान."

"बरं झालं. पोरांस्नी खेळाय जागा पायजे." थोडं पुढं गेल्यावर, "आपल्याला न्हाईत म्हनून काय झालं. गल्लीची हाईत की."

मी नुसता मेंबरांसारखा खाकरलो. तेवढं पुरलं.

घरी पोचलो तेव्हा मेंबर दवाखान्यातनं येऊन दारात उभे होते. भाभींनी सगळं सांगितलेलं होतं, बाळ्यानं उरलेलं. आक्का सरळ आत गेल्या, हात धुतले आणि ताटावर बसल्या. एक भाकरी खाल्ली. दुसरी मागितली. मेंबर खांबाला धरून बघत राहिले. मग परातीत कोमट पाणी आणलं, आक्कांच्या पायापाशी बसले आणि मला बोटानं जवळ बोलावलं.

आवाज नसलेल्या माणसाच्या शिव्या खायच्या म्हणजे त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मी गुडघे टेकून कान नेला.

"चारला? चारला कुठली पाळी सुटती रं, गाढवा?"

"चुकलं, मेंबर."

"पायात काय हाय तुज्या?"

"चप्पल."

"आन् तिच्या?"

मी बघितलं. आक्कांचे पाय परातीत होते. टाचेला खडी रुतून रक्त आलेलं. गेटापासनं घरापर्यंत मी एकदाही खाली बघितलं नव्हतं.

"तू चप्पल घालून फुडं, आन् ती डांबरावनं आनवानी. शिकलेला हाईस न्हवं? काढून द्यायची अक्कल न्हाय?" ते फडक्यानं एकेक बोट पुसत होते, इतक्या हलक्या हातानं की जणू चालू साच्यावर काम चाललंय, आणि हवेच्या आवाजात मला हाणत होते. माझं शिक्षण, माझे केस, माझी व्हॉलीबॉलची सर्व्हिस, सगळं त्यात येऊन गेलं. मग हात थांबला.

"ही दोन म्हैनं धड जेवली न्हाय. माजा आवाज तुज्याजवळ हाय, ते तुला म्हाईत हुतं, मुडद्या. ह्याच गल्लीत ऱ्हातोस. एकदा यिऊन इचारायला काय झालं हुतं तुला?"

"तुम्हीच 'जा' म्हणाला होता, मेंबर."

"मी म्हनलो. आन् तू गेलास? एवढा कवा ऐकायला लागलास माजं?"

त्यांना ठसका लागला. डोळ्यांतनं पाणी आलं, ठसक्याचंच असेल. मी पाणी आणायला उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरून परत खाली बसवलं.

"बस. झालं न्हाय अजून माजं."